एकच दोस्त, मग त्याच्याशीच फाईट का?

प्रश्न: ताई, मी जॉबसाठी पुण्यात एकटा राहतो. 'आ, कोया' म्हणजे 'वाइल्डरनेस' हा २०१७चा जपानी पिक्चर, दोन्ही भाग मिळून पाच तासांचा, दोन रात्रीत बघितला. सगळं आवडलं पण एक कळलं नाही. केन्जीला आयुष्यात पहिल्यांदा शिन्जीसारखा मित्र मिळतो आणि हाच बाबा दोघांची बॉक्सिंग जिम सोडून त्याच्याच समोर रिंगमध्ये उभा राहतो. असं कोण करतं?

उत्तर: अरे, मला पण पहिल्यांदा बघताना त्याचा रागच आला होता. पण केन्जी कोण आहे ते बघ ना. आई कोरियन, बाप मारकुटा, बोलताना अडखळतो, सलूनमध्ये मान खाली घालून केस कापतो, रिंगमधलं नाव पण 'बारिकान', म्हणजे केस कापायचं मशीन! त्याच्याशी नीट कुणी बोलतच नाही. आणि शिन्जी? सुधारगृहातून सुटलेला, डोक्यात फक्त युजी, म्हणजे त्याचा जुना साथीदार जो आता बॉक्सर झालाय, त्याचा सूड घ्यायचाय म्हणून रात्रंदिवस पळतोय, बॅग फोडतोय. केन्जी हे सगळं शेजारच्या बेडवरून बघतो. त्याला कुणाचा द्वेष करताच येत नाही, तीच त्याची बॉक्सिंगमधली अडचण, पण त्याला एवढं दिसतं की शिन्जीच्या मनात चोवीस तास जागा कुणाला असेल तर ती समोर उभं राहणाऱ्याला, शेजारी झोपणाऱ्याला नाही. मला वाटतं त्याला ती जागा हवी होती. राऊंड तीन मिनिटांचा असतो, त्या तीन मिनिटांत समोरच्याला तुझ्यावरून नजर हटवता येत नाही, आणि अडखळणाऱ्या माणसाला तिथे बोलावंही लागत नाही. मला तर ही फाईट म्हणजे त्याने शिन्जीशी मारलेल्या सगळ्यात लांब गप्पा वाटतात.

मूळ कादंबरी १९६६ची, शुजी तेरायामाची, त्याने लिहिलेली एकमेव मोठी कादंबरी. हा माणूस बॉक्सिंगवेडा. 'आशिता नो जो' नावाच्या जपानी कॉमिकमध्ये रिकिइशी हा बॉक्सर कॉमिकच्या हिरोला, 'जो'ला, सुधारगृहात भेटतो, पुढे फक्त 'जो'शी लढता यावं म्हणून उपाशी राहून वजन उतरवतो आणि त्या फाईटनंतर मरतो. तर १९७०मध्ये तेरायामाने पुढाकार घेऊन टोकियोत त्या कॉमिकमधल्या रिकिइशीचे खरेखुरे अंत्यविधी केले, सातशेच्या आसपास माणसं आली होती!