नेत्याचा मुलगा आणि युनिव्हर्सिटीतली खुर्ची

प्रश्न : युनिव्हर्सिटीच्या पॉलिसी सेंटरमध्ये नेत्यांची मुलं चिकटतात, हे फक्त आपल्याकडेच होतं का? अमेरिकेत तर सगळं मेरिटवर चालतं म्हणतात.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नाही हो. लॉस एंजेलिसचं प्रकरण बघा. मार्क रिडली-थॉमस तेव्हा तिथल्या काउंटीचे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे, सुपरवायझर होते, म्हणजे करोडो डॉलरच्या काँट्रॅक्टवर मत देणारा माणूस. मुलगा सेबॅस्टियन 2017 च्या शेवटी आमदारकी सोडून बाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात पगारी प्रोफेसर झाला. वरून स्कॉलरशिप. मग वडिलांच्या कॅम्पेन फंडातले 1 लाख डॉलर त्याच युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क स्कूलला गेले आणि तेवढेच पैसे स्कूलमधून दुसऱ्या संस्थेमार्फत मुलाच्या नव्या पॉलिसी रिसर्च उपक्रमाकडे, म्हणजे बापाचं नाव कुठे दिसायला नको. त्या स्कूलच्या डीन मॅरिलिन फ्लिन यांना काउंटीची कामं हवी होती, त्यांनी लाचेचा गुन्हा कबूल केला. 2023 मध्ये ज्युरीने रिडली-थॉमसना 19 पैकी 7 आरोपांत दोषी धरलं, 12 मधून सोडलं, शिक्षा साडेतीन वर्षं.

मला जास्त राग डीनबाईंचा येतो, कारण नेता शब्द टाकणारच, पण नाही म्हणायचं काम त्यांचं होतं ना! तरी युनिव्हर्सिटीनेच 2018 मध्ये हे सरकारी वकिलांना कळवलं, मुलाला काढलं. आपल्याकडे कुठल्या कुलगुरूंनी असं स्वतःहून केलं तर मला नक्की कळवा, इथेच छापू.