हफांग रस्त्यावरची दुपार: आई-बाबांना चिनी बाजारपेठ दाखवताना

प्रश्न: आम्ही चार वर्षांपासून शांघायमध्ये राहतो. एप्रिलमध्ये माझे आई-बाबा पुण्याहून येत आहेत. आईला जुन्या वळणाची बाजारपेठ पाहायची आहे आणि नातेवाइकांसाठी थोडी खरेदीही करायची आहे. बाबा शाकाहारी आहेत आणि फसवले जाण्याची त्यांना फार धास्ती वाटते. त्यांना कुठे न्यावे आणि काय सांभाळावे?

उत्तर: शांघायमध्ये यूयुआन बागेभोवतीचा बाजार आहेच, परंतु माझे मत विचाराल तर जलदगती रेल्वेने तासाभरात हांगचौ गाठावे आणि तिथल्या हफांग रस्त्यावर एक दुपार काढावी. हांगचौ ही ११३८ ते १२७६ या काळात दक्षिण सोंग घराण्याची राजधानी होती. तरीही तिथे दिसणारी लाकडी सज्जांची आणि काळ्या कौलांची बहुतेक घरे अलीकडच्या काळात डागडुजी करून किंवा नव्याने बांधून उभी केलेली आहेत, हे आईंना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. जुन्याच्या अपेक्षेने गेलेले माणूस हिरमुसते आणि मग समोरचे खरे जुनेही त्याच्या नजरेतून सुटते.

ते खरे जुने म्हणजे रस्त्यालगतचे हू छिंग यू थांग हे औषधांचे दुकान. हू श्वेयेन या धनाढ्य व्यापाऱ्याने १८७४ मध्ये ते काढले. उंच पांढऱ्या भिंतीमागच्या दालनात अजूनही लाकडी खणांतून वनौषधी तोलून देतात. तिथल्या दोन पाट्या बाबांना आवर्जून दाखवा. गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या पाटीवर ‘माल अस्सल, भाव एकच’ अशा अर्थाची अक्षरे आहेत, तर १८७८ ची दुसरी पाटी आतल्या बाजूला, नोकरांना दिसेल अशी लावलेली असून तिचा अर्थ ‘फसवणूक वर्ज्य’ असा आहे. औषधे मात्र पाहण्यापुरतीच ठेवा. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढे-चूर्णे घेऊ नयेत.

एकच भावाचा हा नियम त्या दुकानापुरता आणि पंखे, कात्र्या विकणाऱ्या नामांकित पेढ्यांपुरता समजावा. फिरत्या ठेल्यांवर आणि शोभेच्या वस्तूंच्या लहान गाळ्यांत घासाघीस चालते, आणि तुळशीबागेत मुरलेल्या आईंना ती शिकवावी लागणार नाही. अडचण येते ती बोटांच्या खुणांची. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याने मला अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. मी ते दोन समजून वीस युआन पुढे केले, आणि तो हसू लागला. चिनी पद्धतीत ती खूण आठाची असते, म्हणजे भाव ऐंशीचा होता. अंगठा आणि करंगळी ताणली तर सहा. त्यापेक्षा गणकयंत्र पुढे करावे. तिथे सगळेच तसे करतात.

चहाच्या बाबतीत अधिक सावध राहा. हांगचौचा लुंगचिंग चहा, त्यातही एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या छिंगमिंग सणाच्या आधी खुडलेला, फार महाग असतो, आणि तुमची भेट नेमकी त्याच हंगामात आहे. भाव सांगितला की तो ‘चिन’चा, म्हणजे ५०० ग्रॅमचा, की ‘ल्यांग’चा, म्हणजे ५० ग्रॅमचा, हे आधी विचारा, दहापटीचा घोळ इथेच होतो. गोड इंग्रजी बोलून चहा चाखायला आग्रहाने नेणाऱ्या अनोळखी मंडळींबरोबर मुळीच जाऊ नका, कारण शेवटी हाती पडणारे बिल सहलीचा सगळा आनंद घालवते. हा प्रकार शांघायमध्येही चालतो. रेशमाची चिंता नको, पैठण्या हाताळलेल्या आईंच्या बोटांना ते कळेल. मात्र ‘फार प्राचीन’ म्हणून दाखवलेली मूर्ती किंवा फुलदाणी सोडून द्या: १९११ पूर्वीच्या पुरावस्तू चीनबाहेर नेण्यास सामान्यतः मनाई आहे, म्हणजे ती वस्तू एक तर नकली असणार किंवा नेता न येणारी.

बाबांसाठी लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड सारण भरलेली, तांदळाच्या पिठाची वाफवलेली गुलाबी वडी मिळते. परंतु चिनी गोड पदार्थांत डुकराची चरबी घालण्याची रीत आहे, म्हणून ‘मांस, मासे, अंडी आणि चरबी चालत नाही’ हे वाक्य चिनी लिपीत मोबाइलवर तयार ठेवा. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने भागत नाही.

एक ते सात ऑक्टोबरच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण एप्रिलमध्येही शनिवार-रविवार टाळावेत. शेवटची गोष्ट, आईंना तिथली प्रसिद्ध कात्री नक्की आवडेल. मात्र सहा सेंटीमीटरहून लांब पात्याची कात्री रेल्वेच्या तपासणीत अडवतात, तेव्हा दुकानदारालाच ती कुरियरने तुमच्या शांघायच्या पत्त्यावर पाठवायला सांगा आणि पुण्याला जाताना विमानात द्यायच्या मोठ्या बॅगेत घाला.