छंद तिचा, घाई तुमची

पत्र (संक्षिप्त): माझ्या मुलीला यंदा दहावीला ८६ टक्के मिळाले. सुट्टीत तिनं आजोबांचा बंद पडलेला याशिका इलेक्ट्रो ३५ कॅमेरा स्वतः उघडला, आतला रबराचा कसलासा तुकडा बदलला आणि कॅमेरा चालू केला! फिल्म कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आलेत. लायकानं २०२२ मध्ये एम६ परत आणला, पेंटॅक्सनं २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला. म्हणून मी मुंबईच्या चोरबाजारातून चौदा बंद कॅमेरे घासाघीस करून एकगठ्ठा आणले, पुढच्या खोलीत टेबल मांडून दिलं, तिच्या नावानं इन्स्टाग्राम पेज काढलं. एका सर्व्हिसिंगचे तीन हजार आणि दिवसाला तीन कॅमेरे धरले तरी इंजिनिअरच्या पगाराला भारी. ९० हजारांचा एक ऑनलाइन कोर्स आहे, सर्टिफिकेटही देतात. अकरावीच्या भानगडीत न पडता तिला थेट यात उतरवावं म्हणतो. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा आपल्या कोल्हापुरातच घडवला, ही इथली परंपराच आहे. तिच्या आईला मात्र पटत नाही. मार्गदर्शन करावं.
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार,

माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतले बरेचसे वडील मुलांचा छंद मोडायला निघालेले असतात. तुम्ही उलट निघालात म्हणून पहिल्या वाचनात मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटेना. एवढ्या लांबलचक पत्रात मुलीच्या तोंडचं एकही वाक्य नाही.

तिनं कॅमेरा उघडला हे कळलं. तिला तो का उघडावासा वाटला? चालू झाल्यावर त्यात रोल घातला का, की मिटून परत कपाटात ठेवला? तुम्ही आणलेल्या चौदांपैकी तिनं आपणहून किती हातात घेतले? चोरबाजारात भाव कसा पाडला ते तुम्ही मूळ पत्रात अर्धं पान लिहिलंय, तेव्हा एवढी बाब नुसती लिहायची राहून गेली असेल असं मला वाटत नाही. बहुधा सांगण्यासारखं काही घडलेलं नाही.

‘डॉक्टरच हो’ म्हणून मागे लागलेल्या बापाशी मुलं निदान भांडतात. तुमच्याशी तिनं भांडायचं कशावरून? तुम्ही कौतुक करताय, पैसे घालताय, पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटलाय. आता तिला कंटाळा आला तर तो कंटाळा राहत नाही, तुमचा अपमान होतो. सोळाव्या वर्षी एखादी गोष्ट सुट्टीपुरती आवडून मग सोडून देण्याची मुभा असायला हवी. ती तुम्ही तिच्याकडून काढून घेतलीत, आणि तेही हौसेनं. तिच्या आईला काय पटत नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं जरा विचारा, कारण घरात मुलीकडे बघणारं माणूस सध्या त्याच दिसतात.

आता जे मला खरोखर आवडलं ते. टेबलाचा जो फोटो पाठवलात, त्यात तुमचा नवा दिवा मधोमध आहे आणि कोपऱ्यात एक पुठ्ठा अर्धवट आलाय. त्यावर दुहेरी चिकटपट्टी लावून स्क्रू ओळीनं बसवलेत, प्रत्येकाखाली आकडा घातलाय, शेजारी झाकणाचं पेन्सिलचं चित्र आहे. हे तिनं केलेलं असणार. १९६६ साली बाजारात आलेल्या या याशिकाचा एक ठरलेला आजार आहे. आतल्या रबराच्या छोट्या पॅडचा वर्षानुवर्षांनी चिकट लगदा होतो. मग खटका ओढून रोल पुढे घेताना जो ‘ठक्’ आवाज यायला हवा तो येत नाही आणि शटरचं वेळेचं गणित कोलमडतं. ‘कसलासा तुकडा’ म्हणून तुम्ही उडवून लावलेलं हेच ते पॅड असावं. आवाज येत नाही म्हणजे आत काहीतरी जागेवर परतत नाही, हे तिनं स्वतः ताडलं की व्हिडिओ बघून केलं, ते मला माहीत नाही. दोन्ही चांगलं. पण स्क्रूंचा तो पुठ्ठा व्हिडिओ बघून येत नाही. त्या ८६ टक्क्यांपेक्षा मला त्यातून तिच्याबद्दल जास्त कळलं.

तुमचं दिवसाला तीन कॅमेऱ्यांचं गणित मात्र साफ चुकलंय. मागणी वाढलीय हे तुमचं म्हणणं खरं, आणि हात कमी आहेत हेही खरं. मुंबईत फोर्टातल्या बोराबाजारच्या बाजूला हयातभर कॅमेरे दुरुस्त केलेल्या एका कारागिराशी मी बोललो. ते म्हणाले, “काम भरपूर आहे हो, पार्ट कुठनं आणू?” कंपन्यांनी जुन्या मॉडेलचे सुटे भाग बनवणं केव्हाच बंद केलंय, त्यामुळे एक कॅमेरा जगवायला तसाच दुसरा मारावा लागतो. साध्या यांत्रिक कॅमेऱ्याची नीट सर्व्हिसिंग म्हणजे सुकून चिकट झालेलं जुनं तेल काढायचं, गळलेला फोम खरवडून नवा लावायचा, लेन्सची बुरशी पुसायची (आपल्याकडच्या पावसाळ्यात ती धरतेच, आणि तिनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर पुसूनही उपयोग नाही) आणि शटरचा एकेक वेग यंत्रावर तपासायचा. कापडी शटरमध्ये दोन पडदे एकामागून एक धावतात. हजारांश सेकंदाला त्यांच्यामधली फट अगदी अरुंद असते. एक पडदा किंचित सुस्तावला की फोटोची एक बाजू काळी येते. एवढं करून रोल घालून बघायचा, तो धुऊन येईपर्यंत थांबायचं. हे दिवसाला तीन होत नाही. बरं, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं. ते सेल आता मिळत नाहीत. गिऱ्हाईक दीड व्होल्टचा घालतं, मीटर चुकीचं दाखवतं आणि कॅमेरा परत तुमच्या दारात: “तुम्हीच बिघडवलात.” ऐंशीच्या दशकानंतरच्या इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांची सर्किटची पट्टी गेली तर बहुतेक वेळा हात जोडून परत द्यावा लागतो. आणि आजोबांची आठवण घेऊन आलेल्या माणसाला ‘नाही होत’ सांगणं हेही या धंद्यातलं रोजचं काम. सोळा वर्षांच्या मुलीनं ते करायचं का?

बाबूराव पेंटरांचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून लिहितो. या खटपटीतले त्यांचे भाऊ आनंदराव पेंटर १९१६ साली गेले, त्यानंतर बाबूरावांनी सहकारी दामल्यांना बरोबर घेऊन १९१८ च्या सुमारास कॅमेरा उभा केला, तो सिनेमा काढायचा होता म्हणून. आधी कॅमेरा करू आणि मग त्याचं काय करायचं ते बघू, असा तो मामला नव्हता. तुमच्या मुलीला काय करायचंय हे अजून तिलाही ठाऊक नसेल, आणि या वयात ते ठीकच आहे.

९० हजारांच्या कोर्सचं सर्टिफिकेट बघून कॅमेरा हातात देणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय. ते पैसे ठेवून द्या. अकरावी सायन्स, पुढे सीईटी आणि इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी फिजिक्स हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक ट्रेडही आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे अवजारं आणि साचे बनवण्याचा, डिप्लोमाही बघून ठेवा. ८६ टक्क्यांना आयटीआय म्हटल्यावर नाक मुरडू नका. तुम्हीच तिला शाळा सोडून टेबलावर बसवायला निघाला होतात.

माझं स्पष्ट मत सांगतो. तिचा कल टिकला तर तिनं कॅमेऱ्यांच्या नव्हे, मोजमापाच्या उपकरणांच्या जगाकडे बघावं. पॅथॉलॉजी लॅबचा मायक्रोस्कोप, हॉस्पिटलची एंडोस्कोप, जमीन मोजणाऱ्यांचं टोटल स्टेशन, सगळीकडे काच, बारीक यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र येतं आणि सगळीकडे दुरुस्तीला माणूस लागतो. तुमच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशिन शॉपवाल्यांना मायक्रोमीटर आणि गेज ठरावीक मुदतीनं कॅलिब्रेट करून, म्हणजे अचूक मापाशी ताडून, घ्यावेच लागतात. एखाद्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये तिला एक दिवस बसू द्या. तुम्ही बाहेर थांबा. त्या कामात पगार आहे, शिकवणारं वरिष्ठ माणूस आहे, आणि संध्याकाळी घरी येऊन जुना कॅमेरा उघडायला कुणाची ना नाही. पुढे तिशीत तिला कॅमेऱ्यांचंच दुकान थाटावंसं वाटलं तर तेव्हा हातात लेथ, मापं आणि ओळखी असतील, एखादा न मिळणारा पार्ट ती स्वतः करून घेईल.

या आठवड्यात करायचं ते असं. इन्स्टाग्रामचं पेज बंद करा. चौदा कॅमेऱ्यांचं खोकं तिच्या टेबलावरून उचला, आणि हे मी दटावून सांगतोय: त्यात अंगातच फ्लॅश असलेले छोटे कॅमेरे असतील तर ते तिला अजिबात उघडू देऊ नका. त्यातला कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) तीनशे व्होल्टच्या आसपास भारलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही भार धरून राहतो. हे न बघता तुम्ही ते खोकं मुलीपुढे ठेवलंत याचा मला राग आलाय. बॅटरीशिवाय चालणारा एखादा यांत्रिक कॅमेरा तेवढा बाजूला काढा, आणि जपानी कॅमेरा असेल तर जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, टोकाचे स्क्रू ड्रायव्हर आणून द्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या फिलिप्सनं त्या स्क्रूंची डोकी घासून जातात. तो कॅमेरा ती उघडेल किंवा उघडणार नाही. विचारायला जाऊ नका.

अकरावी आणि पॉलिटेक्निक, दोन्हीकडचे अर्ज मुदतीत भरा. कुठला ठेवायचा ते तिला ठरवू दे. तिला मला काही विचारायचं असेल तर पत्र तिनं लिहावं, आणि ते तुम्ही वाचायचं नाही.