दवाखाना की उपकेंद्र?

प्रश्न : मुलीची बीएएमएसची इंटर्नशिप संपली. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची कंत्राटी जागा मिळते आहे. २५ हजार ठरलेले आणि वर १५ हजारांपर्यंत कामावर आधारित मोबदला. मी म्हणतो, तालुक्याला गाळा घेऊन दवाखाना टाकावा. तिला उपकेंद्र हवंय. – एक वडील, सोलापूर जिल्हा

नमस्कार. पत्रात तुम्ही कमाईचा हिशेब मांडलाय. पण पैसे कुठल्या कामाचे मिळणार हे आधी बघा. डॉक्टरला तशीच सवय लागते.

दवाखान्यात पेशंट आला तरच पैसे. तापाचा पेशंट "सलाईन लावा" म्हणतो. नाही लावली तर शेजारच्या दवाखान्यात जातो. आणि बीपीची गोळी दोन महिने बंद केलेली बाई फिरकलीच नाही, तर तिची चौकशी करायचे पैसे कोणी देत नाही. (पेशंट दुसरीकडे पाठवून कमिशन घ्यायच्या कट प्रॅक्टिसचं तर बोलायलाच नको.) निव्वळ पगारात सलाईनचा मोह नसतो, पण ओपीडी लवकर आटपली तरी पगार तेवढाच.

उपकेंद्राचा मोबदला या दोन्हींच्या मधला. सपाटीवर एका उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकसंख्या असते. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी, गरोदर मातांची तपासणी अशा कामांवर वरची रक्कम ठरते. आशाताईंना घेऊन गोळी बंद केलेल्या त्या बाईचं घर गाठलं, तर ते फुकटचं काम राहत नाही.

यात खोटही आहे. ब्रिटनमध्ये जीपींना, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांना, मुख्य पैसे त्यांच्याकडे नाव नोंदवलेल्या माणसांमागे मिळतात, माणूस आजारी पडो न पडो. २००४ पासून त्यावर मधुमेह, बीपी वगैरेंच्या देखभालीला गुण आणि गुणांमागे पैसे आले. त्या आजारांची देखभाल सुधारली. ज्या कामांना गुण नव्हते त्यांच्याकडे तेवढं लक्ष गेलं नाही. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती पद्धत बंदच केली. आपल्याकडेही मोजली जाते ती सरकारी पोर्टलवरची नोंद, आणि नेट नसलं की संध्याकाळ त्यातच जाते.

माझं मत मुलीच्या बाजूने : दोन वर्षं उपकेंद्र करू द्या. तपासून, समजावून, पुन्हा बोलावून पेशंट सांभाळायची सवय तिथे लागेल. पुढे दवाखाना टाकला तरी ती कामी येईल. मात्र घरखर्च २५ हजारांतच बसवा, वरचे पैसे रखडू शकतात. रुजू होण्याआधी तिने त्याच तालुक्यातल्या दोघा-तिघा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना (सीएचओ) गाठून विचारावं : मागचा मोबदला कधी जमा झाला? बीपीच्या गोळ्या महिनाभर पुरतात का? आणि गाळ्याचं डिपॉझिट तूर्त कुणाला देऊ नका.