४८ हा आकडा कुणाला दाखवावा : बालविवाहाविरुद्धच्या माहितीचित्रांबद्दल

आपण विचारले आहे की, परभणी जिल्ह्यातील आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला बालविवाहाविरुद्ध दहा इन्फोग्राफिक आणि दोन रील करायच्या आहेत; त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आकडे कोठून आणावेत आणि परिणाम कसा मोजावा. आपण जोडलेला पहिला नमुनाही पाहिला. लाल पार्श्वभूमी, गुडघ्यांत डोके घालून बसलेली नववधू आणि तिच्या वर मोठ्या अक्षरांत ‘४८%’, म्हणजे परभणी जिल्ह्यातील अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण. मराठवाड्यातील गावांत या विषयावर काम करताना हुबेहूब असा फलक मीही एकदा केला होता आणि तो चांगलाच फसला होता, म्हणून सॉफ्टवेअरची गोष्ट शेवटी घेतो आणि आधी त्या आकड्याबद्दल लिहितो.

आम्ही तो फलक एका गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आणि त्याचेच चित्र गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. संध्याकाळी पारावर बसलेल्या एका आजोबांनी तो मोठ्याने वाचून घेतला आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे निम्म्यांनी केलंच की. मग आम्हीच काय जगावेगळं करतोय?” त्यांनी आकडा चुकीचा वाचला नव्हता, आम्हीच तो चुकीच्या माणसापुढे ठेवला होता. जिल्हाधिकारी कार्यालयात ज्या आकड्याने झोप उडायला हवी, तोच आकडा गावात ‘सगळेच करतात’ याचा दाखला ठरतो. माणूस लग्नाच्या बाबतीत कायद्यापेक्षा शेजाऱ्याकडे पाहतो, आणि आम्ही त्याला निम्मे शेजारी दाखवून मोकळे झालो होतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे १८५८ मधील प्रसिद्ध आलेख आपल्याला अभ्यासक्रमात भेटले असतील. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे त्यांनी पाकळ्यांच्या आकाराच्या चित्रांतून मांडले. त्या चित्रांचे कौतुक करताना एक गोष्ट निसटते, ती म्हणजे ती चित्रे सैनिकांसाठी नव्हतीच. गटारे, हवा आणि इस्पितळे यांवर खर्च मंजूर करू शकणाऱ्या लोकांसाठी ती काढली होती. धक्का देणारा आकडा अशाच माणसापुढे ठेवावा, ज्याच्या हातात काही बदलण्याचा अधिकार आहे. आपला ४८चा फलक जरूर ठेवा, मात्र तो जिल्हा परिषद, महिला व बालविकास कार्यालय आणि स्थानिक वार्ताहर यांच्यासाठी ठेवा.

आता त्या आकड्याचा नेमका अर्थ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के आढळले. चौथ्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा २६.३ टक्के होता. महाराष्ट्रातील घरोघरची पाहणी २०१९ च्या उत्तरार्धात झाली. त्या वेळी जी स्त्री चोवीस वर्षांची होती, तिने अठरा ओलांडले ते २०१३ च्या सुमारास. म्हणजे हा आकडा साधारण त्या दशकातील लग्नांचा आहे, या वर्षीच्या लग्नसराईचा नव्हे, आणि टाळेबंदीचा तर मुळीच नव्हे. तरीही ‘करोनाकाळात परभणीत निम्म्या मुलींचे बालविवाह’ असा मजकूर अनेक ठिकाणी फिरतो. आपल्या नमुन्यात खाली ‘आज’ असा शब्द आहे, तो काढून सर्वेक्षणाचे वर्ष घाला. शिवाय हे सर्वेक्षण देशभरात ७०७ जिल्ह्यांतील सुमारे ६.३७ लाख घरांचे होते, म्हणजे एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी नऊशे घरे येतात, आणि त्यांत २० ते २४ वयाच्या स्त्रिया त्याहून बऱ्याच कमी. त्यामुळे दोन जिल्ह्यांतील एक-दोन टक्क्यांच्या फरकावर ‘आपला जिल्हा पुढे, त्यांचा मागे’ अशी शर्यत लावणारे चित्र काढू नये. तालुका किंवा गाव पातळीवर हा आकडा लागूच करू नये.

गावासाठी चित्र करायचे तर हाच आकडा उलटा करून पाहा. दर १०० पैकी ५२ मुलींचे लग्न अठराच्या आत झाले नाही. इथे शब्दांना जपावे लागते. ‘५२ मुलींची लग्ने अठरानंतर झाली’ असे लिहिले तर चूक होईल, कारण त्यांतील काहींचे लग्न पाहणीच्या वेळी झालेलेच नव्हते. हे खोटे समाधान देणे नव्हे. ज्या बापाच्या मनात थांबायचे आहे पण भावकीचा धाक आहे, त्याला आपण एकटे नाही, उलट थोडे का होईना बहुसंख्येत आहोत, हे त्यातून दिसते. त्याहून चांगले म्हणजे गावचाच आकडा : आपल्या शाळेत आठवीत किती मुली होत्या आणि त्यांपैकी दहावीला किती बसल्या. मुख्याध्यापकांच्या परवानगीने हा हिशेब एका दुपारी निघतो आणि त्याला गावात कोणी ‘ते तिकडचं असेल’ म्हणत नाही. संख्या चार-पाचच्या घरात असेल तर मात्र ती छापू नका, कारण न बसलेली मुलगी कोण हे सगळ्यांना ठाऊक असते.

चित्र कसे काढावे याबाबत व्हिएन्नाच्या ओट्टो नॉयराथ यांचा नियम मी अजून सोडलेला नाही. त्यांनी १९२५ मध्ये तिथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे संग्रहालय सुरू केले आणि सामान्य कामगाराला आकडेवारी वाचता यावी म्हणून चित्रलिपी घडवली. त्यांचा नियम असा की, संख्या मोठी असेल तर माणसाचे चित्र मोठे करायचे नाही, तेवढ्याच आकाराची माणसे जास्त काढायची. आपल्या दुसऱ्या नमुन्यात महाराष्ट्राची छोटी बाहुली आणि परभणीची मोठी बाहुली शेजारी उभ्या आहेत. २१.९ आणि ४८ यांत फरक सव्वादोन पटीच्या आतला आहे; पण बाहुलीची उंची तितक्या पटीने वाढवली की रुंदीही वाढते आणि डोळ्याला ती जवळजवळ पाचपट दिसते. हेतू कितीही चांगला असला तरी हे फसवणेच आहे, आणि विरोधकाला ते दाखवून द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत. त्याऐवजी दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर सारख्या मुली काढा आणि त्यांतील ५२ जणींना गडद रंग द्या.

यानंतर खरा अवघड प्रश्न येतो, आणि आपल्या दहा नमुन्यांच्या यादीत तो कुठेच नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. दिवाळीनंतर पाच-सहा महिने आईबाप फडावर असतात आणि चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घरी म्हाताऱ्या आजीजवळ ठेवायची की सोबत खोपीत न्यायची, हा त्यांच्यापुढचा पेच असतो. अशा बापाला अठराचा आकडा पाठ असतो. त्याला हवे असते ते ‘पोरीला ठेवायची कुठं’ याचे उत्तर. म्हणून मी आपल्या दहांपैकी निदान तीन चित्रे केवळ यावर खर्च करीन : ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत, हंगामी वसतिगृहांत किंवा कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात आपल्या तालुक्यात जागा कोठे आहे, कोणते कागद लागतात, अर्ज कुणाकडे द्यायचा आणि कोणत्या तारखेपर्यंत. ही माहिती पंचायत समितीत आणि समाजकल्याण कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन, त्या आठवड्याची म्हणून घ्यावी लागेल. संकेतस्थळावरून उतरवू नका. आणि ही चित्रे उचल उचलण्याच्या आधी, म्हणजे पोळा ते दसरा या काळात पोहोचली पाहिजेत. मार्चमध्ये टाकली तर ती कितीही देखणी असली तरी वाया गेली.

लग्नसराईसाठी आम्ही केलेले सर्वांत उपयोगी ‘इन्फोग्राफिक’ तळहाताएवढे होते आणि त्यात एकही चित्र नव्हते. ते आम्ही गावकऱ्यांसाठी केलेच नव्हते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी केले होते. २०२५ साली अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. त्या दिवसाच्या लग्नासाठी वधूची जन्मतारीख ३० एप्रिल २००७ किंवा त्याआधीची आणि वराची ३० एप्रिल २००४ किंवा त्याआधीची हवी, एवढे दोन ओळींत लिहिलेले कार्ड छापखान्याच्या गल्ल्यावर काचेखाली ठेवले की वजाबाकी करावी लागत नाही. पुढच्या प्रत्येक तिथीसाठी तारखा बदलाव्या लागतात, पण ते काम पाच मिनिटांचे आहे. खाली एकच वाक्य होते, आणि तेही धमकीचे नव्हते : ‘शाळा सोडल्याचा दाखला पाहूनच पत्रिका छापली जाईल.’ २००६ च्या बालविवाह प्रतिबंध अधिनियमात विवाह लावणाऱ्यालाच नव्हे, तर त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. अक्षय्य तृतीयेचे नाव तर त्या कायद्यातच आहे आणि अशा दिवशी होणाऱ्या सामूहिक बालविवाहांसाठी जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिबंधक अधिकारी मानले आहे. छापखानेवाल्याला ग्राहक तोडायचा नसतो. ‘आमच्याकडे नियमच आहे’ असे म्हणायला त्याला कार्डाचा आधार मिळतो. मंडपवाले, वाजंत्री, आचारी आणि फोटोग्राफर यांच्यासाठीही हेच कार्ड चालते. आपल्या दोन रीलपैकी एक यांच्यावर करा, रडणाऱ्या नववधूवर नको.

कुठे कळवायचे, तेही प्रत्येक चित्रावर हवे. बालकांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आणि गावात ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी), जो या कायद्याखाली बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. हा क्रमांक फलकावर इंग्रजी आकड्यांत छापा, कारण फोनच्या बटणांवर तेच असतात. बाकी मजकुरातील आकडे मराठीत राहू द्या. लग्न लागून गेले असले तरी मार्ग बंद झालेला नसतो. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत ते लग्न रद्द करून घेण्यासाठी जिल्हा न्यायालयात जाऊ शकते. ही गोष्ट मी आजवर फार थोड्या फलकांवर पाहिली आहे, आणि ती जिला सर्वाधिक हवी ती मुलगी आपल्या प्रेक्षकांत धरलेलीच नसते.

एका बाबतीत मात्र मी विनंती करीत नाही, बजावतो. थांबवलेल्या लग्नाचे छायाचित्र टाकू नका. आमच्या गटातील एका उत्साही मुलाने एकदा मुलीचा चेहरा धूसर करून असे छायाचित्र टाकले. मागे मंडपाच्या कमानीवर थर्मोकोलच्या अक्षरांत दोन्ही आडनावे लखलखीत दिसत होती. ते आम्ही तासाभरात काढले, पण तोवर ते तीन गटांवर गेले होते आणि त्या मुलीला पुढे वर्षभर ‘पेपरात आलेली’ म्हणून हिणवले गेले. आठशे वस्तीच्या गावात चेहरा झाकून काही झाकले जात नाही. बालन्याय अधिनियम २०१५ प्रमाणे विवाहाचा धोका असलेली मुलगी ही काळजी व संरक्षणाची गरज असलेली बालक ठरते आणि तिची ओळख उघड करणे हा कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावाचे नाव, शाळेचा गणवेश, घराची भिंत, नातेवाइकाचा आवाज या सगळ्यांना ओळखच समजा.

आता सॉफ्टवेअर. कॅनव्हा पुरेल, पैसे खर्च करायचे नसतील आणि छपाईही करायची असेल तर इंकस्केप शिका. आलेख डेटारॅपरमध्ये चांगले होतात. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधील मजकूर आणला तर तो इतरत्र अगम्य चिन्हांत बदलतो, म्हणून सगळे युनिकोडमध्ये टंकित करा. मुक्त किंवा बलू हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि लहान पडद्यावर स्पष्ट दिसतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत मराठी लिहिताना परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड रेडी’ हा पर्याय निवडला नाही तर जोडाक्षरे फुटतात आणि ‘शिक्षण’मधील वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. शीर्षक पसरट दिसावे म्हणून अक्षरांतील अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींतील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. चित्र आणि त्याखालचा मजकूर व्हॉट्सअॅपवर पुढच्याच फेरीत वेगळे होतात, म्हणून स्रोत, वर्ष आणि क्रमांक चित्राच्या आतच लिहा. तयार झाल्यावर ते आपल्यापैकी कुणाच्या तरी आईच्या फोनवर, भर उन्हात, चष्म्याशिवाय दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच मजकुराची चाळीस सेकंदांची ध्वनिफीत गावातल्याच बाईच्या आवाजात करा. आमच्याकडे चित्रांपेक्षा ती जास्त पुढे गेली.

परिणाम मोजण्याबाबत, लाइक आणि शेअर यांची नोंद अहवालासाठी ठेवायची तर ठेवा. मी मोजीन ते असे : वसतिगृहाची चौकशी करायला किती पालक आले, आणि कार्ड ठेवलेल्या छापखान्यांत किती वेळा दाखला मागितला गेला. दर पंधरवड्याला छापखान्यात चहा प्यायला गेलात तर हे कळते. आमच्या तालुक्यातील एका छापखानेवाल्याने पहिल्या हंगामात दोन पत्रिका परत पाठवल्या, त्यांतील एक शेजारच्या तालुक्यात जाऊन छापून आली. त्यामुळे आपण सुरुवातीलाच आजूबाजूच्या तालुक्यांतले छापखानेही यादीत घ्या, आणि दहा चित्रांऐवजी चार करून उरलेला वेळ त्या फेऱ्यांना द्या.