विमान की रेल्वे, हा प्रश्न नंतरचा

डोंबिवलीच्या एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे: "आम्ही दोघेही नोकरी करतो, मुलगा सात वर्षांचा आहे. दोघांचे मिळून १ लाख ६० हजार रुपये हातात येतात आणि त्यातून गृहकर्जाचा ५२ हजारांचा हप्ता जातो. वर्षातून सहा वेळा शनिवार-रविवार धरून बाहेर जायचे ठरवले असून त्यासाठी १ लाख २० हजार बाजूला काढणार आहोत. गोव्याला तिघांचे विमानाचे जाणे-येणे २६ हजार आणि दोन्हीकडच्या टॅक्सीचे सहा हजार होतात. विमानाने जावे की रेल्वेने? चौदा महिन्यांपूर्वी आम्ही पाच लाखांचे २५ वर्षांचे हॉलिडे सदस्यत्व घेतले. एक लाख रोख दिले, बाकीचे १५ टक्के व्याजाने ४८ हप्त्यांत. वर्षाला कंपनीच्या रिसॉर्टमध्ये सात रात्री मिळतात, देखभाल शुल्क १८ हजार अधिक जीएसटी. लाँग वीकेंडला खोली मिळत नाही, म्हणून कंपनी दोन लाख भरून वरच्या श्रेणीत या म्हणते. शिवाय तेव्हापासूनच प्रवासासाठी स्मॉल कॅप फंडात (छोट्या कंपन्यांच्या शेअर्सचा फंड) महिना आठ हजारांची एसआयपी आहे. त्यात १ लाख १० हजार जमले असून पुढे १८ टक्के परतावा धरला आहे."

प्रश्न तिकिटाचा विचारला आहे. मात्र पत्रातील सर्वांत महाग गोष्ट तिकीट नव्हे. हप्ता सुमारे ११,१०० रुपये, देखभाल शुल्काचा मासिक वाटा १,८०० रुपये, एसआयपी ८ हजार आणि सहलींचे १० हजार असे महिन्याला जवळपास ३१ हजार रुपये केवळ फिरण्याच्या नावाने जात आहेत. गृहकर्जाचा हप्ता वजा जाता घर चालवायला, मुलाच्या शाळेला आणि बचतीला १ लाख ८ हजार उरतात. त्यातले हे ३१ हजार आहेत. पत्रात मुदत विम्याचा (टर्म इन्शुरन्स) आणि आपत्कालीन निधीचा शब्दही नाही, याची मला सहलींपेक्षा अधिक काळजी वाटते.

हे सदस्यत्व कसे विकले गेले असेल, हे तुम्ही लिहिले नसले तरी सांगता येते. मॉलमध्ये कुपन भरून घेतात, दोन दिवसांनी "तुमचा नंबर लागला" असा फोन येतो, पती-पत्नी दोघांनीही यावे असा आग्रह असतो आणि भेटवस्तू हातात पडण्याआधी दोन-तीन तासांचे सादरीकरण ऐकावे लागते. "ही किंमत फक्त आजच्यापुरती" असे म्हणत कार्ड तिथेच मशीनमधून फिरवले जाते. आवळा देऊन कोहळा काढण्याची ही जुनी पद्धत आहे. त्या खोलीत कोणी गणित मांडत नाही, म्हणून ते इथे मांडतो.

चार लाखांच्या कर्जावर ४८ हप्त्यांत सुमारे १ लाख ३४ हजार व्याज जाते, म्हणजे सदस्यत्व प्रत्यक्षात ६ लाख ३४ हजारांना पडले. पंचवीस वर्षांच्या १७५ रात्रींपैकी एकही वाया न घालवता सगळ्या वापरल्या, तरी दर रात्रीचे ३,६०० रुपये झाले. त्यात वर्षाचे देखभाल शुल्क जीएसटीसह २१ हजार, म्हणजे रात्रीमागे आणखी ३ हजार. जेवण वेगळे, प्रवास वेगळा, आणि शुल्क दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढले तर बारा वर्षांत दुप्पट. तेच सहा लाख सात टक्क्यांच्या ठेवीत असते, तर करापूर्वी वर्षाला ४२ हजार व्याज आले असते. ते आणि न भरावे लागणारे २१ हजार मिळून ६३ हजार होतात, म्हणजे सात रात्रींसाठी दर रात्री नऊ हजार, आणि मुद्दल जागच्या जागी. नऊ हजारांत तुमच्यासारख्या तिघांच्या कुटुंबाला बहुतेक ठिकाणी उत्तम हॉटेल मिळते, आणि हवे त्या शुक्रवारी मिळते. "वापरले नाही तर आठवडा भाड्याने देऊन पैसे वसूल होतील" असे कोणी सांगितले असेल, तर त्याच्याकडे मागील वर्षी असे किती सदस्यांचे पैसे वसूल झाले याचा कागद मागावा.

खरे तर घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्हाला दोन-दोन रात्रींच्या सहा सहली, त्याही सुट्टीला जोडून हव्या आहेत. तुम्ही विकत घेतला आहे तो बहुधा गर्दी नसलेल्या काळातला एक आठवडा. वरच्या श्रेणीत गेल्याने ही विसंगती मिटत नाही, कारण १५ ऑगस्टच्या खोलीसाठी वरच्या श्रेणीतले सदस्यही रांगेत असतातच. म्हणून दोन लाखांच्या प्रस्तावाला स्पष्ट नकार द्यावा आणि तो ई-मेलने द्यावा. त्या दोन लाखांचे नुसते व्याज वर्षाला १४ हजार होते, आणि त्यात एका सहलीचा दोन रात्रींचा मुक्काम निघतो.

आता जे झाले ते निस्तरण्याविषयी. विचार बदलण्यासाठी करारात दिलेली मुदत केव्हाच संपली असणार. तरीही करार काढून सदस्यत्व परत करण्याची आणि शुल्क न भरल्यास काय होते याची कलमे वाचावीत. अनेक करारांत शुल्क थकले की बुकिंग बंद होते आणि थकबाकी साचत जाते. विक्रीच्या वेळी दिलेले एखादे आश्वासन व्हॉट्सअॅपवर किंवा ई-मेलमध्ये असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, आणि तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. खरेदीपासून मोजली तर तुमच्याकडे दहा महिने उरतात. कर्जाचा हप्ता मात्र रागाच्या भरात थांबवू नये. कर्ज देणारी संस्था बहुधा वेगळी असते, आणि खराब होतो तो तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा गुणांक.

कर्ज लवकर फेडण्याचे साधन तुमच्या हातात आहे. चौदा महिन्यांत आठ हजारांप्रमाणे १ लाख १२ हजार भरले आणि फंडात १ लाख १० हजार आहेत. धरलेले १८ टक्के कुठेच दिसत नाहीत. तुमच्या कर्जाचे १५ टक्के मात्र नक्की आहेत. वर्षभरात खर्च करायचा पैसा स्मॉल कॅपमध्ये ठेवणे हे नियोजन नव्हे, ती आशा आहे. एसआयपी थांबवावी, निर्गम शुल्क (फंडातून लवकर पैसे काढल्यास कापले जाते ते) जाऊन उरलेली रक्कम कर्जात भरावी आणि मोकळे झालेले आठ हजार दरमहा हप्त्यात मिसळावेत. आज सुमारे ३ लाख ७ हजार बाकी असेल. या मार्गाने ३४ महिन्यांचे कर्ज साधारण वर्षभरात संपते. मुदतपूर्व फेडीवर दंड आहे का, हे आधी विचारून घ्यावे. कर्ज संपले की हप्त्याचे आणि एसआयपीचे मिळून ते १९ हजार प्रथम आपत्कालीन निधीत जावेत. मुदत विमा मात्र तोवर थांबवू नये. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही.

तोपर्यंत सहा सहलींऐवजी तीन कराव्यात, आणि त्या रेल्वेने. तुमच्या गावाला रात्रीच्या गाड्यांची सोय आहे. शुक्रवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली तर शनिवारी सकाळी कोल्हापूर येते, रविवारी रात्री तीच गाडी परतीला मिळते, आणि दोन दिवसांच्या सहलीत हॉटेलची एकच रात्र भरावी लागते. गोव्यासाठी ठाण्याहून कोकणकन्या एक्स्प्रेस. तिघांचे थ्री टियर एसीचे जाणे-येणे विमान आणि टॅक्सीच्या ३२ हजारांच्या चौथ्या हिस्स्यात सहज बसेल, मुलाला स्वतंत्र बर्थसाठी पूर्ण भाडे पडते हे धरूनही. विमानातला वेळ सव्वा तासाचा असला तरी डोंबिवलीहून निघणे, विमानतळावर आधी पोहोचणे आणि उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दक्षिण गोव्यात जाणे यांत अर्धा दिवस जातोच. नवी मुंबईचे विमानतळ तुम्हाला जवळ पडते, त्यामुळे एखाद्या वर्षी रजा खरोखरच कमी असेल तर तेथून विमान पाहायला हरकत नाही.

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी खुले होते. २०२६ मध्ये २ ऑक्टोबर शुक्रवारी येतो. म्हणजे गुरुवार, १ तारखेच्या रात्रीच्या गाडीसाठी २ ऑगस्टला सकाळी आठ वाजता लॉग-इन करून, प्रवाशांची यादी आधीच भरून बसावे लागेल. तत्काळवर विसंबू नये, कारण त्याच सुट्टीसाठी निम्मी मुंबई तेव्हा त्याच पानावर असेल.