चेन दुरुस्तीला खंबाटकी ओलांडायची?

पत्र : ताई, आम्ही वाईचे. मुलगा सोळा वर्षांचा. पाचगणीच्या एका निवासी शाळेत डे स्कॉलर म्हणून जातो, निम्मी फी माफ आहे. बाकीची मुलं बड्या घरची. शाळेची बस एस.टी. स्टँडसमोरून सुटते. दरवर्षी पसरणी घाटातून सायकल शर्यत असते. यंदा हा तिसरा आला, पहिल्या मुलापेक्षा चाळीस सेकंद मागे. त्यातच शाळेत 'जो जीता वही सिकंदर' दाखवला. तेव्हापासून एकच धोशा : त्यांच्याकडे कार्बनच्या सायकली आहेत म्हणून ते जिंकतात, मलाही हवी. एक लाख चाळीस हजारांची आहे. हे पतसंस्थेत नोकरीला आहेत, कर्ज मिळेल. आत्ताची एकवीस गियरची हायब्रिड आहे, पण चढावर तिची चेन आतल्या बाजूला पडते. शर्यतीत दोनदा पडली. पुण्याला नेऊन दोन वेळा सर्व्हिसिंग केलं, फरक नाही. (माझ्या भावाचं स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण त्याला गियरच्या सायकली जमत नसतील.) कर्ज काढावं का? आणि असे सिनेमे दाखवून शाळा मुलांच्या डोक्यात भलतंच भरवते का?
— एक आई, वाई

उत्तर : कर्ज काढू नका. सिनेमाने काही भरवलेलं नाही. तुमचे दोन प्रश्न संपले. आता कंसातलं वाक्य.

'जमत नसतील' म्हणजे तुम्ही त्याला विचारलेलंच नाही. सख्खा भाऊ, गावातच दुकान, आयुष्य सायकलींत गेलेलं, आणि भाच्याची सायकल मात्र खंबाटकी घाट ओलांडून पुण्याला. तेही दोनदा. गाडीभाड्यासकट हिशेब केलात का कधी? मुलगा तिकडे सायकल का नेत नाही, हे तुम्हीच न कळत लिहून गेला आहात. शाळेची बस स्टँडसमोरून सुटते. खिडकीत बसलेल्या मुलांना मामाचं दुकान दिसतं, आणि दुकानासमोर उकिडवा बसलेला, काळ्या हातांचा मामा दिसतो. तो आपला मामा आहे हे मित्रांना कळू नये, एवढीच त्याची धडपड. सोळाव्या वर्षी असं वाटतं, त्याच्यावर मी रागावणार नाही. तुमचं वय सोळा नाही. त्याची लाज झाकायला 'जमत नसतील' हे निमित्त तुम्ही पुरवलंत, आणि आता त्याच लाजेसाठी पतसंस्थेत हप्ते भरायला निघालात.

तो सिनेमा तुम्ही पाहिला नसेल तर मुलाला शेजारी बसवून पाहा. मन्सूर खानचा, १९९२ सालचा. गोष्ट देहरादूनची. राजपूत कॉलेजात बाहेरून आलेली श्रीमंतांची पोरं, मॉडेल कॉलेजात गावातली. तुमची वाई आणि पाचगणी डोळ्यांपुढे ठेवा, वेगळं काही समजावून सांगायला नको. बहुतेकांना शेवटची सायकल शर्यत आणि 'पहला नशा' तेवढं आठवतं. तुमच्या मुलालाही शर्यतच दिसली. पण निम्मा सिनेमा संजूच्या खोटेपणाचा आहे. कॅफे चालवणाऱ्या रामलालचा हा मुलगा देविकासमोर आपण बड्या घरचे असल्याची बतावणी करतो, आणि बिंग फुटल्यावर ती निघून जाते. थोरला भाऊ रतन राजपूतच्या पोरांमुळे जायबंदी होतो, तेव्हा कुठे या पठ्ठ्याला जाग येते. मग भावाच्या जागी शर्यतीत उतरायच्या तयारीत संजूबरोबर कोण राबतं? अंजली. गॅरेजवाल्याची मुलगी, जिच्याकडे त्याने तोवर धड पाहिलेलंही नसतं. (संजूची सगळी तयारी काही मिनिटांत उरकते, हा सिनेमावाल्यांचा हातखंडा. त्यावर मुलाने विसंबू नये.) तुमच्या घरातलं गॅरेज स्टँडजवळ आहे आणि तुम्ही ते कंसात टाकलंत.

आता चेन. पुण्यात फरक का पडला नाही, हे समजून घ्या. सर्व्हिसिंग म्हणजे बहुतेक ठिकाणी धुणं, तेल आणि सायकल स्टँडला टांगून हाताने पॅडल फिरवून गियर बघणं. टांगलेल्या सायकलवर कुणाचा भार नसतो, त्यामुळे चेन शहाण्यासारखी चालते. तुमच्याकडे ती पडते ती चढावर, पॅडलवर उभं राहून जोर लावताना. हा दोष पाहायला चढच लागतो, आणि पसरणीचा चढ मामाच्या दुकानापासून जवळच आहे.

चेन आत पडते म्हणजे पुढच्या सर्वांत लहान चेनव्हीलवरून, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चकतीवरून, घसरून ती फ्रेमच्या बाजूला जाते. आधी पुढच्या डिरेलरकडे, म्हणजे गियर बदलताना चेन ढकलणाऱ्या भागाकडे, बघायचं. त्याच्यावर दोन बारीक स्क्रू असतात, बहुधा 'एच' आणि 'एल' अशा खुणांचे. गियर पुढे सर्वांत लहान आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर घ्यायचं. या स्थितीत डिरेलरची आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्धा मिलिमीटर फट हवी, फार तर एक. याची बहुधा दोन-तीन असेल, म्हणून चेनला आत पडायला वाट मिळते. 'एल' स्क्रू पाव-पाव फेरा आवळायचा आणि दर वेळी पॅडल फिरवून बघायचं. जास्त आवळला तर चेन लहान चेनव्हीलवर उतरणारच नाही, मग पाव फेरा मागे. स्क्रूला हात लावण्याआधी डिरेलरची उंची मात्र तपासायची : बाहेरची पट्टी मोठ्या चेनव्हीलच्या दात्यांच्या वर एक ते तीन मिलिमीटर आणि दात्यांना समांतर हवी. ती तिरकी असेल तर स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही.

मग चेनची झीज. लोखंडी पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवायचा. बरोबर बारा इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य आला पाहिजे. ती पिन इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठवा भाग पुढे गेली असेल तर मागचं फ्रीव्हीलही, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संचही, खाल्लं गेलंय. त्यावर नुसती नवी चेन टाकली तर ती दात्यांवरून उड्या मारेल, आणि मुलगा म्हणेल, बघ, मामाला जमलं नाही.

उरलेला दोष सायकलचा नाही, स्वाराचा. चढ अंगावर आल्यावर, पाय पूर्ण जोरात असताना तो पुढचं गियर खाली टाकत असणार. ताणलेली चेन नीट उतरत नाही, धक्क्याने आत उडते. गियर वळणाच्या आधी, चढ हलका असतानाच उतरवायचं, आणि टाकताना अर्धा फेरा पाय सैल सोडायचा. ही सवय लागायला आठवडा पुरतो, पण रोज घाटात जायला हवं.

कार्बनचा फायदा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मुलाचं वजन पंचावन्न किलो धरू, हायब्रिडचं चौदा आणि त्या सायकलचं नऊ. एकूण ओझं सुमारे सात टक्के कमी होतं. पाऊण तासाच्या चढाला त्यातून तीनेक मिनिटं वाचू शकतात. पण तो हरला चाळीस सेकंदांनी, आणि चेन पडली दोनदा. दर वेळी उतरायचं, चेन बसवायची, हात पुसायचे आणि उभ्या चढावर शून्यातून पुन्हा सुरुवात करायची. चाळीस सेकंद तिथेच गेले. चेन कार्बनच्या सायकलचीही पडते. ती नीट लावलेली नसेल आणि गियर टाकण्याची हीच सवय असेल तर तीही पडेल, आणि तिथे फ्रेमला चरा पडला की रंग देऊन भागत नाही.

मडगार्ड, कॅरियर आणि स्टँड शर्यतीपुरते काढले की दीडेक किलो फुकटात उतरतं. टायर बत्तीस मिलिमीटरचे असतील तर या वजनाच्या मुलाला साठच्या आसपास पी.एस.आय. हवा बरी. सीटची उंची एवढी की टाच पॅडलवर ठेवून पॅडल तळाला नेलं की पाय सरळ व्हावा.

यातलं काहीही तुम्ही भावाला वाचून दाखवू नका. स्पोकवर बोट फिरवून रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढणाऱ्या माणसाला दोन स्क्रू शिकवायची गरज नाही. समजा गियरचं काम त्याला खरंच येत नसेल, तर ते तो सांगेल. तुम्ही परस्पर ठरवू नका.

तुम्ही एवढंच करा. आधी एकट्या दुकानात जा आणि सायकल पुण्याला नेली होती हे भावाला सरळ सांगा. त्याला ते आधीच माहीत असणार, वाई केवढी ती. मग मुलाला पाठवा. रविवारी नको आणि अंधार पडल्यावरही नको. शाळेच्या दिवशी, बस सुटायच्या अर्धा तास आधी, गणवेशात, सायकल हाताने ढकलत. सोबत जाऊ नका. सायकल ठेवून पळायचं नाही, चेन त्यानेच काढायची. मामा सांगेल, हात याचे काळे होतील, आणि त्याच हातांनी तो बसमध्ये चढेल. मित्रांनी विचारलं तर काय सांगायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. 'मामाचं दुकान आहे' हे तीन शब्दांचं उत्तर तो देईल किंवा देणार नाही. पहिल्या दिवशी नाही दिलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवा. फ्रीव्हील, केबल, ब्रेक, एक दिवसात संपणारं काम ते नाहीच.

तो चिडेल, दोन दिवस तुमच्याशी बोलणार नाही. कर्जाचा विषय पुन्हा काढेल, कदाचित वडिलांकडे. त्यांनाही आजच सांगून ठेवा, नाहीतर अर्ज भरून मोकळे व्हायचे.

आणि भावाला पैसे द्या. चेन, केबल, मजुरी, सगळ्याचे. पुण्याच्या दुकानात बिलावर घासाघीस केली नसेल, तर इथेही करू नका.